विझायला सात आकडे

हजार वॅटचा दिवा बंद केला
की लगेच बंद होत नाही.
आधी पिवळा पडतो, मग नारिंगी,
मग तारेत नुसती एक लाल खूण,
विडीच्या टोकाएवढी.
वाल्मीक गांगुर्डे हे पुटपुटत मोजायचे.
एक, दोन, तीन...
सातला काळोख.
एकतीस वर्षं सातलाच.

शालिमारच्या मागे आमचं थिएटर,
त्यात डिमरची खोली म्हणजे भट्टी.
मे महिन्यात ते बनियनवर,
मी मानेवर ओला पंचा टाकून.
लाल जिलेटीन चौथ्या प्रयोगाला मधोमध करपायचं
आणि मागच्या रांगेला वाटायचं
आग नाटकातलीच आहे.

मग महापालिकेकडून शबाना तांबोळी आली,
हातात मीटर, केसांत खोचलेलं पेन.
शिडीवर स्वतः चढली.
"छत्तीस हजार वॅट," वरूनच म्हणाली,
"आणि ही उष्णता घालवायला पुन्हा एसी.
एकाच खोलीत शेकोटी पेटवायची
नि बर्फही विकत आणायचा!"
वाल्मीकभाऊ हसले नाहीत.
एवढंच विचारलं,
"तुमचे ते नवे, विझतात कसे?"

तिने बटण दाबलं.
विझले.
म्हणजे, नव्हतेच कधी.

"ह्याला विझणं नाही म्हणत, ताई.
ह्याला दार आपटणं म्हणतात."

मी एकलहऱ्याच्या वसाहतीत वाढले.
तिथे दोरीवरचे कपडे आधी झटकायचे,
मगच घड्या.
बाबा कोळशाच्या पट्ट्यावर होते.
नखांत काळं घेऊन घरी आले
की आई म्हणायची,
"आणलात का गावाचा उजेड?"
पण आमच्या परकरांवरची ती राख
आणि नायिकेच्या गालावरचं ते मधाळ ऊन
एकाच वाघिणीतून उतरतं,
हे मला शबानाच्या कागदावरचे आकडे बघेपर्यंत
सुचलं नव्हतं.

नवे दिवे लागले. छत्तीसचं काम पाच हजारांत.
रंगभूषेचा हिरामण म्हणाला,
दुसऱ्या अंकात मिशी जागेवर
पहिल्यांदाच पाहतोय.
मॅनेजरने बिल उलटून पाहिलं,
शेजारच्या लॉजचं तर नाही ना आलं.

फक्त मंदाकिनी खैरनार अडली.
स्पर्धेच्या नाटकात तिची म्हातारी शेवटी उठते,
आणि विझत्या उजेडात
चार पावलांत विंगेत जाते.
तालमीला दुसऱ्याच पावलाला काळोख.
गुडघा टेबलावर.
"अरे, मला जाण्यापुरतं तरी ठेवा काहीतरी!"

दोन रात्री बसलो आम्ही.
ते डोळे मिटून मोजत होते,
मी स्क्रीनवर एकेक ठिपका ठेवत होते.
"तीनला घाई करू नको.
चारला तांबूस मिसळ. एवढा नाही, आजाऱ्याला चहा देतो तेवढा.
पाचला हात सोड, पण बोट राहू दे.
सहा...
सहा असा आहे की प्रेक्षकाला वाटतं, गेला,
आणि गेलेला नसतो."
सकाळी चारला ठिपके जोडले.
घसरगुंडीसारखी एक रेघ निघाली,
शेवटाला जरा रेंगाळलेली.
फाइलला नाव द्यायचं होतं.
मी लिहिलं, वाल्मीक सात.
त्यांनी चष्मा काढून वाचलं
आणि म्हणाले, शुद्धलेखन बरोबर आहे.

प्रयोगाला बाबा आले होते. निवृत्त, खोकला सोबत.
शेवटी म्हातारी उठली.
चार पावलं, एकही अडखळली नाही,
आणि अंधारात माझ्या बाजूला
कुणीतरी पुटपुटत होतं,
जिथे आता मोजायची गरजच नव्हती.

बाहेर पायऱ्यांवर बाबांनी विचारलं,
"शेवटाला एक जुना दिवा ठेवलात ना?
तो ओळखू येतो."
मी काही बोलले नाही.
वाल्मीकभाऊंनीही ऐकलं असावं,
पण ते वायर गुंडाळत होते,
कोपर ते अंगठा,
कोपर ते अंगठा.